चाय मांडली

पुण्याच्या मावसबहिणीकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा तिनं दारातच विचारलं, "चहा टाकू ना रे?" मी घाबरलो. आमच्या वर्धा जिल्ह्यात टाकलेली वस्तू उकिरड्यावर जाते. रात्रभर गाडीत बसून आलेला माणूस दारात उभा आणि ही बाई घरात असलेला चहाही टाकून द्यायला निघाली! मुंबईचे साडभाऊ त्यांच्याकडे चहा 'ठेवतात'. ठेवलेली वस्तू आमच्याकडे फडताळात असते आणि पाहुणा गेल्यावर निघते. आमच्या नाचणगावात चाय मांडतात. संसार मांडतात, बुद्धिबळाचा डाव मांडतात, भादव्यात महालक्ष्म्या मांडतात, तशी चाय मांडतात. यांपैकी काहीही एकदा मांडलं की मधूनच उठून जाता येत नाही.

"बसा न जी, चाय मांडली." हे वाक्य ऐकायला निमंत्रणासारखं असतं, पण ती नोटीस असते. 'मांडली' हा भूतकाळ आहे आणि तो बहुतेक वेळा खोटा असतो. गॅस पेटलेला नसतो, दूधवाला यायचा असतो, कधीकधी साखरसुद्धा शेजारून यायची असते. पण भूतकाळ उच्चारला गेला की पाहुण्याच्या पायात चप्पल असली तरी तो सापडला. आता उठला तर मांडलेल्या चायीचा अपमान होतो, आणि आमच्या गावात माणसाचा अपमान एकवेळ विसरतात.

आणखी एक गंमत आहे. चहा पुल्लिंगी, चाय स्त्रीलिंगी. दोन्ही आमच्या घरात नांदतात आणि कोणतं बाहेर काढायचं ते पाहुण्याकडे बघून ठरतं. "आपण चहा घेणार ना?" असं बायकोनं विचारलं की मी आतल्या खोलीत बसून ओळखतो, पाहुणा बँकेतला आहे नाहीतर मुलीच्या सासरचा. "चाय पेता का, काकाजी?" म्हणजे घरचा. चहाबरोबर बशी येते, चायीबरोबर येत नाही. शब्दकोशात पाहिलं तर चहाच्या आजूबाजूला चहाटळ आणि चहाडी राहायला आहेत. आळी काही चांगली नाही. पण आमच्या ओट्यावर दुपारी चार वाजता जे चालतं ते पाहता कोशकारांनी घरं वाटून देताना फारशी चूक केली असं वाटत नाही.

नाचणगाव देवळी तालुक्यात आहे, पुलगावला खेटून. पुलगाव कुठं संपलं आणि नाचणगाव कुठं लागलं हे पाहुण्यांना आम्हालाच सांगावं लागतं. पुलगावच्या नावातला पूल वर्धा नदीवरचा, रेल्वेचा. नदीपलीकडे अमरावती जिल्हा. पुलगावला कापडाची गिरणी होती, लष्कराचं दारूगोळ्याचं भलंमोठं कोठार आहे, आणि आर्वीपर्यंत ३५ किलोमीटर जाणारी अरुंद रुळांची गाडी होती. या तिघांनी मिळून आमच्या गावाला चहा शिकवला असं माझं मत आहे. पुरावा मागू नये. गिरणीच्या भोंग्यानं चहाच्या वेळा लावल्या. कोठारातल्या ड्यूटीनं त्या मोडून चहा कोणत्याही वेळेला करून टाकला. आणि आर्वीची गाडी अशी सावकाश, की तिची वाट पाहण्यात एक चहा व्हायचा आणि ती आली म्हणून आनंदानं दुसरा.

चहा मुळात आमचा नव्हता, हे लहानपणी कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो. आसामातला चहा लंडनच्या लिलावात पहिल्यांदा विकला गेला तो १८३९ साली, तेव्हा तो साहेबासाठीच होता. पुढं मळे वाढले, चहा उरू लागला, आणि मळेवाल्यांच्या लक्षात आलं की एवढी कोट्यवधी माणसं इथं चहावाचून सुखानं जगत आहेत. त्यांना हे पाहवलं नाही. १९०३ मध्ये चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. १९३७ मध्ये इंडियन टी मार्केट एक्स्पान्शन बोर्ड असं लांबलचक नावाचं मंडळच निघालं. स्टेशनांवर मुलामा दिलेल्या लोखंडी पाट्या लागल्या. चहा कसा करावा हे चित्रांतून शिकवलं गेलं: किटली गरम करा, पत्ती मोजून घाला, उकळतं पाणी ओता, झाकून ठेवा, मग कपात दूध.

आमच्या लोकांनी फुकटचा कप मन लावून प्यायला आणि घरी येऊन कृती मोडून काढली. पाणी, दूध, साखर, पत्ती असं सगळं एकाच गंजात घातलं, वर अद्रक ठेचून टाकली, आणि साहेबानं ज्याला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं ते उकळणं दहा मिनिटं केलं. चहावाल्यांनी दूध-मसाला वाढवून पत्तीत काटकसर केली, याचं प्रचारकांना दुःख व्हायचं. पण १९३० च्या सुमारास आसामात मॅकर्चर नावाच्या गृहस्थानं पान चिरडून, फाडून, त्याची गोळी करणारं यंत्र काढलं होतं. तोच आपला दाणेदार सीटीसी. थोड्या पत्तीत दणदणीत रंग. हा चहा नाजूकपणे झाकून ठेवायचा नाहीच, हा उकळायचा. म्हणजे यंत्र शेवटी आमच्या गंजाला शरण आलं.

आता आमच्या जिल्ह्याची अडचण समजून घ्या. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. हे वाक्य म्हणताना नदीकडे न बघण्याचा आमच्याकडे शिष्टाचार आहे, कारण पूल ओलांडला की बंदी संपते. पण पूल न ओलांडणाऱ्या सभ्य माणसालाही एखादं व्यसन लागतंच. त्याच्यासमोर उरतो चहा. आणि तासाभराच्या वाटेवर सेवाग्राम. तिथं चहालाही मान खाली घालावी लागते.

माझे आबाजी खादीवाले. तरुणपणी सेवाग्रामला चार दिवस राहून आले. काय आणलं, असं आजीनं विचारल्यावर त्यांनी पिशवीतून टकळी काढून दाखवली. काय सोडून आले, ते तिला दुसऱ्या दिवशी सकाळी चाय मांडल्यावर कळलं.

आजीनं काही सोडलं नाही. वादही घातला नाही. तिनं फक्त चहाचं नाव बदललं. त्या दिवसापासून आमच्या घरात चाय होत नव्हती, काढा होत होता. त्यामुळे आजीला रोज सकाळी सहा वाजता आणि दुपारी तीन वाजता सर्दी होऊ लागली. वर्ध्याचा पारा शेहेचाळीसला टेकलेला असताना, ओल्या चादरी दारांना लावून माणसं निपचित पडलेली असताना, आजीला तीन वाजता सर्दी व्हायची. आबाजी सूत कातता कातता विचारायचे, "कशी आहे आता सर्दी?" पदरानं घाम पुसत आजी म्हणायची, "आहे थोडी." या संवादात पन्नास वर्षांत एका शब्दाचाही फरक पडला नाही.

आबाजींच्या कपाटात 'आरोग्याची किल्ली' होतं. गांधीजींनी १९४२ साली आगाखान पॅलेसच्या कैदेत लिहायला घेतलेलं पुस्तक. मी पाचवीत असताना एका दुपारी आबाजी बाहेर गेलेले पाहून आजीनं ते माझ्या हातात दिलं. तिला अक्षरओळख नव्हती. "यात चायचं काय लिहिलं आहे ते पाय." मी शोधलं, आणि वाचू लागलो. चीनमध्ये पिण्याच्या पाण्याचा भरवसा नव्हता, ते उकळावं लागे. मग कुणा हुशार चिनी माणसाला एक गवत सापडलं. ते चिमूटभर घातलं की उकळत्या पाण्याला सोनेरी रंग यायचा, आणि पाणी नीट उकळलं नसेल तर यायचा नाही. म्हणजे चहा ही पाण्याची परीक्षा. पत्ती गाळणीत ठेवून वरून उकळतं पाणी ओतावं, आणि असा केलेला चहा निरुपद्रवी आहे, असा त्या मजकुराचा भाव होता.

"बास," आजी म्हणाली. "ठेव पुस्तक जागेवर."

"आजी, पुढं आहे अजून."

"पुढचं तुह्या आबाजीनं वाचलं आहे. एका घरात एकानं वाचलं की पुरे."

पुढं टॅनिन होतं. चामडं कमावताना ते घट्ट करायला जे वापरतात ते टॅनिन चहात उतरतं आणि आतड्याच्या अस्तरावर तसाच परिणाम करतं, असा गांधीजींचा आक्षेप. आबाजी हे प्रत्येक पाहुण्याला सांगायचे, आणि तेही पाहुण्यानं पहिला घोट घेतल्यावर. पाहुण्याचा घोट गळ्यात थांबायचा. तेव्हा आतून आजीचा आवाज यायचा, "घ्या हो. कमावलेलं चामडं टिकते, कच्चं सडते." याउपर आबाजी काही बोलू लागले तर तिच्याकडे शेवटचं पान होतं. "अन् बांची कॉफी?" कस्तुरबांना कॉफी आवडायची आणि बापूंनी ती चालू दिली होती, हे तिनं कुठूनसं ऐकून ठेवलं होतं. आबाजी टकळी फिरवू लागायचे. संसारात काही प्रश्नांवर सूत कातणं हेच उत्तर असतं.

वर्ध्याच्या गोरस भांडाराचा गोरसपाक आमच्या घरी यायचा. गाईच्या तुपातलं, जाडसर, रवाळ बिस्कीट. आबाजींच्या दृष्टीनं ती गोसेवा होती. आजीच्या दृष्टीनं ते काढ्यात बुडवायचं होतं. गोरसपाक बुडवण्याला हिशेब लागतो. घाईनं काढला तर दाताला लागतो, विचार करत बसलात तर निम्मा तळाला जातो आणि मग बोटानं काढावा लागतो, जे चारचौघांत करता येत नाही आणि एकटं असताना केल्याशिवाय राहवत नाही. गाईच्या सेवेसाठी उभ्या राहिलेल्या एका गांधीवादी कामातून चहात बुडवायची इतकी उत्तम वस्तू निघावी, याचं मला आजही नवल वाटतं. आर्वीकडची गवळाऊ गाय, तिचं तूप, त्याचं बिस्कीट, आणि शेवटी ते आजीच्या पितळी पेल्यात. इतिहासाचे मार्ग असे असतात.

स्वदेशीवाल्यांनी चहा वाईट ठरवला तेव्हा चहावाल्यांनी काय करावं? त्यांनी चहालाच स्वदेशी केलं. १९४७ साली अन्नदा मुन्शी या बंगाली चित्रकारानं त्याच लांबलचक नावाच्या मंडळासाठी एक जाहिरात रंगवली. चरख्यापाशी बसलेली, काठाची साडी नेसलेली एक बाई आणि सोबत चहाचा कप. चहा शंभर टक्के स्वदेशी आहे, असं त्यात सांगितलं होतं. त्या चित्राची छपाई मी खूप उशिरा, एका पुस्तकात पाहिली आणि बराच वेळ बघत बसलो. आमच्या घरात चरखा एका खोलीत आणि कप दुसऱ्या खोलीत होता, मधे भिंत. या चित्रकारानं भिंत काढून टाकली होती. जाहिरात ही जाहिरातच, तिला माल खपवायचा होता. पण आजीनं ती पाहिली असती तर दिवाणखान्यात लावली असती, आबाजींच्या टकळीच्या बरोबर वर.

चहाचं खरं देवघर जपानात. तिथं बाराव्या शतकाच्या अखेरीला एइसाई नावाच्या भिक्षूनं चीनमधून झेन पंथ आणि चहाचं बी एकाच प्रवासात आणलं, असं सांगतात. त्यांच्याकडे ध्यान आणि चहा सख्खे भाऊ. म्हणून मला फूजी गुरुजींची गोष्ट फार आवडते. हे जपानी बौद्ध भिक्षू, निचिदात्सु फूजी, १९३३ साली वर्ध्याला गांधीजींकडे आले. हातात पंख्याच्या आकाराचा ढोल, तोंडी मंत्र. विचार करा, जिथं चहाचाच मठ झाला त्या देशातला भिक्षू, आणि यजमान कोण, तर चहा न घेणारा माणूस. गांधीजींना त्यांचा मंत्र भावला आणि तो आश्रमाच्या प्रार्थनेत आला. चहा आला नाही. आज वर्ध्यात गीताई मंदिराशेजारी जो पांढरा विश्वशांती स्तूप आहे, तो फूजी गुरुजींच्या परंपरेतला. स्तूप बघून बाहेर पडलं की कोपऱ्यावर चहा मिळतो. मी दरवेळी तिथं फूजी गुरुजींच्या वतीनं एक घेतो.

जपानी चहाघराबद्दल वाचताना काही गोष्टी फार ओळखीच्या वाटतात. तिथलं दार इतकं ठेंगणं, की सामुराईलाही तलवार बाहेर ठेवून वाकून आत यावं लागायचं. आमच्या जुन्या स्वयंपाकघराचं दारही तसंच होतं. घरातल्या प्रत्येक उंच माणसाच्या कपाळावर त्याची खूण आहे, आणि जावई पहिल्या भेटीत हमखास नम्र व्हायचे. त्यांची भांडी मुद्दाम ओबडधोबड. आमची नाइलाजानं. फुटलेला कप ते लाखेनं जोडतात आणि सांध्यावर सोन्याची पूड भरतात, म्हणजे फूट हीच शोभा. आमच्याकडे फुटलेल्या कपाला सोनं मिळत नाही, पण नोकरी मिळते. कान तुटला की तो दाढीच्या पाण्याला. कड उडाली की साबणाच्या चुऱ्याला. चीर गेली की त्यात कोथिंबीर, म्हणजे आमचा सांबार, पेरतात. आमच्या घरात कप कधीच निवृत्त झाला नाही, फक्त त्याचं खातं बदललं.

कान तुटलेल्या कपाची आणखी एक जागा होती, आणि ती गोष्ट इथं टाळली तर चहावर लिहिणं खोटं होईल. गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यात एक बिनकानाचा कप पालथा घातलेला असायचा. कापूस वेचायला, निंदणाला येणाऱ्या काही जणांना चहा त्या कपात मिळायचा. वरून ओतलेला. पिऊन झाला की कप ज्याचा त्यानं धुऊन पालथा ठेवायचा. चहा तोच, त्याच गंजातला, अद्रक तेवढीच. आबाजी खादी घालत होते, प्रार्थना म्हणत होते. वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी १९२८ सालीच सर्वांना उघडलं, हे आम्हाला अभिमानानं सांगत होते. आणि कोनाडा दहा पावलांवर होता. चहाचं खातं माझं नाही, असं कदाचित ते स्वतःला सांगत असतील. पण तो कप त्यांना रोज दिसत होता. पुढं कधीतरी तो नाहीसा झाला. केव्हा, ते आमच्या घरात कुणालाच आठवत नाही. ज्यांनी त्यातून चहा प्यायला त्यांच्या घरी सगळ्यांना आठवतं.

चहानं माणूस बाटतो की काय, याचा मोठा तमाशा महाराष्ट्रानं आधी एकदा पाहिला होता. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला म्हणून जमलेल्या मंडळींपुढं चहा आणि बिस्किटं आली. मंडळी साधीसुधी नव्हती, न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कुणी प्यायला, कुणी नुसता हातात धरला. मग आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात वणवा पेटला. शंकराचार्यांपर्यंत तक्रार गेली, चौकशी बसली, प्रायश्चित्तं झाली. एका कपासाठी इतकी शाई महाराष्ट्रात पुन्हा कधी खर्च झाली नसेल. त्या प्रकरणात मला गोपाळराव फार मोठे चहाटळ वाटतात, कोशातल्या शेजाराला शोभणारे. पण त्यांनी एक गोष्ट नेमकी हेरली होती: या समाजाची नाडी बघायची तर त्याच्या हातात कप द्यावा आणि कोण कुणाचा घेत नाही ते बघावं.

तर अर्धा कप. आमच्याकडे पूर्ण कप चहा कुणी मागत नाही. "अर्धाच," असं म्हणतात, अंगठा आणि तर्जनी यांत बोटभर अंतर दाखवून. यजमानीण मान डोलावते आणि काठोकाठ आणते. पाहुणा "अरे बापरे" म्हणतो, निम्मा बशीत ओततो, आणि मग कपातला पितो, बशीतलाही पितो. हा अर्ध्याचा हिशेब मला गणिताच्या शिक्षकालाही विचारून सुटला नाही. चार माणसांसाठी चार अर्धे म्हणजे दोन कप व्हायला हवेत. आमच्या घरी ते सहा होतात, कारण मांडणाऱ्या बाईला येणाऱ्यांचाही अंदाज धरावा लागतो. चाय मांडली की दारात कुणीतरी येतंच. उकळण्याचा वास ओट्यापर्यंत जातो, ओट्यावरून रस्त्यावर. मग आतून हुकूम सुटतो, "पाणी वाढवा." घरातल्या चहाचा रंग बघून मी सांगू शकतो, किती माणसं उशिरा आली.

आमच्या चहाची एक वेळ अशी आहे की तेव्हा कुणी अर्धा म्हणत नाही. मयतीच्या घरी चूल पेटत नाही. शेजारची माणसं किटलीत चाय घेऊन येतात, कप न मागता हातात देतात. आबाजी गेले त्या दिवशी समोरच्या घरून अशीच किटली आली. आजी भिंतीला टेकून बसली होती. कुणीतरी तिच्या हातात कप दिला. तिनं तो धरला, आबाजींच्या रिकाम्या बाजेकडे बघितलं आणि म्हणाली, "सर्दी आहे थोडी." खोलीत कुणी काही बोललं नाही. आता फसवायला कुणी उरलं नव्हतं, आणि आधीही कुणी फसत नव्हतं. आजीची सर्दी त्यानंतर अकरा वर्षं टिकली.

मी निवृत्त झालो आणि बायकोनं दुपारच्या चहाचं खातं माझ्याकडे दिलं. चाळीस वर्षं कचेरीत फाइली मांडलेल्या माणसाला एक गंज मांडता येऊ नये? नाही आला. पहिल्या दिवशी दूध आधी घातलं आणि ते नासलं, कारण ज्या पातेल्यात घातलं त्यात सकाळी लिंबू पिळलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळं व्यवस्थित केलं, फक्त पत्ती घालायची राहिली. बायकोनं घोट घेतला, म्हणाली, "छान आहे. गरम आहे." तिसऱ्या दिवशी उतू गेला. चहा उतू जायला वेळ लागत नाही, त्याला फक्त तुमची पाठ लागते. तुम्ही दहा मिनिटं त्याच्याकडे टक लावून उभे राहा, तो साधूसारखा शांत. कपबशीकडे वळलात की गेला. आता जमतं. अद्रक उकळत्या पाण्यात घालायची, दुधात नाही. पत्ती नंतर, साखर तिच्या मागोमाग. पाण्याला खालून काळसर फेस धरला की दूध. मग दोनदा वर येऊ द्यायचा आणि दोनदा बसवायचा. तिसऱ्यांदा उतरवायचा. हे मला कुणी शिकवलं नाही. आजीचा काढा बघून बघून डोळ्यांत राहिलं होतं, ते हातात उतरायला साठी उलटावी लागली.

आणि शेवटी गवती चहा. आमच्या न्हाणीमागं त्याचं एक मोठं बेट आहे. सांडपाण्यावर वाढतं, उन्हाळ्यात वाळून पिवळं पडतं आणि मृगाच्या पहिल्या सरीला पुन्हा हिरवं होतं. वनस्पतीशास्त्राला विचाराल तर याचं चहाशी काही नातं नाही. चहा झुडूप, हे निव्वळ गवत. पण ते पुस्तक पाचवीत मोठ्यानं वाचल्यामुळं मला चहाही गवतच वाटतो, आणि नातं लावायला तेवढं पुरतं. हे बेट आबाजींनी लावलं. कुठून तरी मुळं आणली, स्वतः खड्डा केला, आणि आजीला म्हणाले, "काढ्याला लागते." आजीनं त्यावर काय म्हटलं ते मला ठाऊक नाही. मी तेव्हा जन्मलो नव्हतो. पण बेटाला पाणी तीच घालायची.

काल दुपारी चारच्या सुमारास कुंपणाशी शेजारचा पोरगा उभा राहिला.

"काकाजी, गवती चायच्या दोन पाती द्या न. पाव्हणे आले. आईनं चाय मांडली."

"मांडली?"

"म्हणजे मांडून राहिली." तो थोडा थांबला. "पाती तोडाल न, तर अर्धी वाटी साखर पण द्या म्हणे. अन् पत्ती."